मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल : चार वर्षं रोज उघडल्यानंतर

पुस्तक हातात आलं की मी आधी त्याची पाठ बघतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका गल्लीत ४१ वर्षं मी बाइंडिंग केलं. क्रमिक पुस्तकं, खतावण्या, कॉलेजच्या लायब्ररीचे जाडजूड खंड, ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, आणि अधूनमधून बायबलंसुद्धा. त्यामुळे ऑगस्ट २०२१मध्ये मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात उभ्या उभ्याच ते मधोमध उघडलं आणि पाठीच्या पोकळीतून डोळा लावून बघितलं. दुकानदार म्हणाला, "काका, आतलं बघा की." म्हटलं, आतलं तर रोज बघायचंय, म्हणूनच टिकेल का ते बघतोय.

त्याला आता चार वर्षं झाली. एक दिवस खंड पडला नाही असं नाही, दवाखान्यात होतो तेव्हा आठवडाभर ते घरीच राहिलं. बाकी रोज उघडलंय. एवढ्या वापरानंतर बोलायला हरकत नाही. छापणाऱ्याचं नाव मात्र लिहीत नाही. हजारो प्रतींतल्या एका प्रतीत दोष निघाला म्हणून कुणाला नाव ठेवणं मला पटत नाही, आणि मी जे सांगणार आहे ते मोठ्या अक्षराच्या कुठल्याही प्रतीला लागू पडतं.

अक्षरापासून सुरू करतो, कारण त्यासाठीच तर घेतलं. घरचं जुनं बायबल आठ पॉइंटच्या आसपासच्या टायपात होतं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले तरी रात्री ते वाचवेना. देवनागरी बारीक झाली की सगळ्यात आधी अनुस्वार जातो, त्याच्या मागून रफार. 'त्याने' की 'त्यांनी', 'माझा' की 'माझ्या', हे अंदाजाने वाचायला लागलो होतो. वर्तमानपत्रात ते चालतं. शास्त्रात एकाने केलं की अनेकांनी, याने सगळा अर्थ फिरतो. नव्या प्रतीचं अक्षर चौदा पॉइंटचं असावं. जोडाक्षरं भरून आलेली नाहीत, वेलांटी अक्षरापासून सुटी दिसते, वचनांचे आकडे बारीक पण ठळक आहेत. दोन रकाने आहेत, ओळ आखूड आहे, त्यामुळे ओळ संपवून पुढच्या ओळीवर येताना नजर चुकत नाही. अक्षराला पैकीच्या पैकी गुण.

काही प्रतींमध्ये येशूचे शब्द लाल शाईत छापतात. ही प्रत सगळी काळी आहे आणि मी मुद्दाम तीच घेतली. पातळ कागदावर लाल शाई दिव्याखाली फिकी पडते, आणि मग ज्याचं बोलणं सगळ्यात नीट वाचायला हवं त्याचंच वाचायला त्रास होतो.

कागदाला मात्र मी निम्मेच गुण देईन. बायबलचा कागद पातळ असणारच. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय एका पुठ्ठ्यात बसवायचे तर दुसरा इलाज नाही. पण इथे मागच्या पानाची सावली पुढच्या पानावर पडते. त्याला मी एक उपाय शोधला. पानाएवढा काळा कार्डपेपर कापून घेतला आणि वाचत असलेल्या पानाच्या मागे सरकवतो. सावली जवळजवळ नाहीशी होते. ज्यांचे डोळे थकले आहेत त्यांनी हे नक्की करून बघावं.

वजन वाण्याच्या काट्यावर करून आणलं, दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. हातात धरून वाचायचं हे पुस्तक नाही. पोथी ठेवतात तसला घडीचा लाकडी स्टँड घ्या, नाहीतर उशीवर ठेवा. कडेला अंगठ्यासाठी खाचा आहेत, त्यावर 'उत्पत्ती', 'स्तोत्र', 'मत्तय' असं छापलंय. म्हाताऱ्या माणसांना त्या फार सोयीच्या. पण खाचेपाशी कागद कमजोर होतो, आणि रूथ, एज्रा यांसारख्या छोट्या पुस्तकांच्या खाचा पहिल्या वर्षातच फाटायला लागल्या. मागून पातळ टिश्यूपेपर खळीने चिकटवला की थांबतं. सेलोटेप कधीही लावू नका. दहा वर्षांनी तो पिवळा पडतो आणि अक्षर घेऊनच निघतो.

आता बांधणीकडे यायचं, पण त्याआधी हे पुस्तक मी घेतलंच कशाला ते सांगायला हवं. नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

मी जन्माने ख्रिस्ती. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यात. आजोबांपासून घरात उपासना. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, सगळं मंडळीत झालं. सतराव्या वर्षी पुण्याला आलो आणि गुरुवार पेठेत खोली घेतली, पंचहौदाच्या चर्चची घंटा ऐकू येईल इतकी जवळ. रविवार सहसा चुकवला नाही. नाताळला कंदील लावला, उत्तम शुक्रवारी उपास धरला. पण मी जेवढी बायबलं शिवली तेवढ्या वेळा ते वाचलं नव्हतं. ते घरात होतं, जसं देवघर असतं तसं.

२०१२मध्ये आमचा कारखाना बंद झाला. परफेक्ट बाइंडिंगची मशीन आली होती. फर्म्यांच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांच्या, पाठी खरवडून गरम गोंद ओतायचा, वर कव्हर दाबायचं, झालं पुस्तक. दोरा नाही, शिवण नाही. आमच्या चौघांचं दिवसाचं काम ते मशीन तासाभरात उरकायचं. मालक चांगले होते, सगळ्यांचा हिशेब चुकता केला. मी हत्यारं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये माझी पत्नी गेली. मुलगी नाशिकला असते, ती महिनाभर राहून गेली, आणि मग घरात मी एकटा.

तेव्हा एक प्रश्न मला रोज सकाळी पडायचा. आज दाढी कशासाठी करायची? ऐकायला साधा वाटतो. पण ज्याला तो पडलाय त्याला माहीत आहे की त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. ४१ वर्षं मला कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर मी म्हणायचो, बाइंडर. काम गेलं तेव्हा तो माणूस गेला. ही होती तोवर निदान 'आज भाजी काय आणू' हे विचारायला कुणी होतं.

आमचे पाळकसाहेब भेटायला आले. मला वाटलं नेहमीचं सांत्वन करतील, योहानातलं एखादं वचन वाचतील. ते म्हणाले, "बाबा, 'उपदेशक' वाचा. बाराच अध्याय आहेत. आणि मोठ्या अक्षराचं घ्या, डोळे शिणवू नका." म्हणून मी दुकानात गेलो.

ज्यांनी उपदेशकाचं पुस्तक वाचलेलं नाही त्यांना सांगतो, त्याची सुरुवातच 'व्यर्थ हो व्यर्थ' अशी होते. माणूस सूर्याखाली एवढे कष्ट करतो, त्याला त्यातून काय मिळतं? एक पिढी जाते, दुसरी येते. नद्या समुद्राला मिळतात आणि समुद्र काही भरत नाही. लिहिणाऱ्याने घरं बांधून बघितली, मळे लावून बघितले, पैसा, गाणं, ज्ञान, सगळं करून बघितलं आणि प्रत्येकाच्या शेवटी म्हटलं, हा वायफळ उद्योग. बाराव्या अध्यायात तर असं वचन आहे की पुस्तकं रचत बसलं तर त्याला अंतच नाही. पुस्तकं बांधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने ते रात्री अकरा वाजता एकट्याने वाचलं. मी ते पान तिथेच उघडं ठेवून बराच वेळ बसून राहिलो.

मला वाईट वाटलं नाही, उलट आधार वाटला. इतके दिवस मला वाटत होतं की असा विचार मनात येणं हाच अविश्वास. आणि इथे तो विचार शास्त्रातच होता. कुणी त्याला गप्प केलं नव्हतं. छापून, शिवून, मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठी ठेवला होता. देवाला माझा प्रश्न माझ्या आधीपासून माहीत होता. तिसऱ्या अध्यायात तो लेखक म्हणतो की देवाने माणसाच्या मनात अनंतकाळाची ओढ घातली आहे. म्हणजे ही जी पोकळी मला जाणवत होती ती माझ्यातली खोट नव्हती, ती ठेवलेली होती.

त्यानंतर मी सुरुवातीपासून वाचायला घेतलं, रोज चार अध्याय. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात बसालेल भेटला. निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचं, काम करणारा कारागीर. देव मोशेला सांगतो की मी त्याला माझ्या आत्म्याने भरलंय, सोनं, चांदी, पितळ, रत्नं, लाकूड यांत कसब दाखवायला. लहानपणापासून मी आत्म्याने भरलेल्या माणसांची प्रवचनं ऐकली, ते सगळे बोलणारे होते. हा हाताने काम करणारा होता. त्याचं नाव त्याच्या आजोबांच्या नावासकट लिहून ठेवलंय.

खरी गाठ पडली ती मात्र इफिसकरांच्या पत्राशी. दुसरा अध्याय, दहावं वचन. पौल म्हणतो, आपण देवाची हस्तकृती आहोत. मी पेन्सिल ठेवली. हा शब्द माझ्या धंद्यातला आहे. मूळ ग्रीक शब्द 'पोइएमा', म्हणजे घडवलेली वस्तू, असं पाळकांनी नंतर सांगितलं. पण मला अडवलं ते वचनांच्या क्रमाने. आधीच्या दोन वचनांत पौल सांगतो की तुमचं तारण कृपेने झालंय, ते देवाचं दान आहे, कर्मांमुळे नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये. त्याच्यानंतर हस्तकृती. आणि त्याच्यानंतर, सगळ्यात शेवटी, चांगली कामं, जी देवाने आधीच नेमून ठेवली आहेत.

मी आयुष्यभर हे उलटं धरलं होतं. आधी काम, मग किंमत. काम असेल तर मी कुणीतरी, काम गेलं की मी रद्दी. इथे क्रम असा होता की आधी मी घडवलेला आहे, कुणीतरी हाताने, लक्ष देऊन घडवलेला. काम त्याच्यानंतर येतं, आणि ते शोधत फिरायचं नाही, ते ठेवलेलं आहे. ख्रिस्ताने माझ्यासाठी जे केलं ते माझं दुकान चालू होतं म्हणून केलं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत होतो. ६७व्या वर्षी, चौदा पॉइंटमध्ये, ते पहिल्यांदा वाचलं.

आता बांधणी.

मार्च २०२२मध्ये, म्हणजे सात महिन्यांनी, प्रकटीकरणाचा शेवटचा फर्मा सुटून हातात आला. मी पाठ तपासली. फर्मे दोऱ्याने शिवलेले होते, ही चांगली गोष्ट. पण पाठीवर लावलेलं जाळीचं कापड दोन्ही टोकांना आखूड पडलं होतं, शेवटच्या फर्म्यापर्यंत पोचलंच नव्हतं. गोंद कडक होऊन तडकला होता. अस्तराचा कागद एवढ्या वजनाला पातळ होता. वरची-खालची हेडबँडची पट्टी नुसती चिकटवलेली, शोभेची. एवढं जाड पुस्तक रोज उघडझाक होणार हे धरून ही बांधणी केलेली नव्हती. कपाटात राहील असं धरून केलेली होती. दुकानात मी डोळा लावून बघितलं होतं तरी ते माझ्या लक्षात आलं नाही, हे मला लागलं.

बदलून मिळालं असतं. पण नऊ वर्षांनी मी माळ्यावर चढलो आणि गोणपाट खाली काढलं. पुस्तक दाबायचा शिकंजा गंजला होता, त्याला रॉकेल आणि तेल पाजलं. हाडाची पट्टी तशीच होती, माझ्या अंगठ्याने झिजून एका बाजूला खोल झालेली. मैद्याची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं. पुठ्ठा सोडवला, पाठीवरचा जुना गोंद ओल्या फडक्याने मऊ करून पट्टीने काढला. सगळा दोरा कापून एकेक फर्मा सुटा केला. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत ते सगळे फर्मे पलंगावर मांडले, तेव्हा खोलीत बसायला जागा राहिली नाही. मग मेण लावलेल्या दोऱ्याने, तीन फितींवर, पहिल्यापासून शिवायला बसलो. बोटं विसरली नव्हती. सुई आत, फितीला वळसा, बाहेर, टोकाला गाठ, पुढचा फर्मा. चार दिवस लागले. जाळीचं कापड पूर्ण पाठभर लावलं, दोन्ही बाजूंना दीड इंच सोडून. हेडबँड हिच्या इरकली साडीच्या काठाचा केला. शिकंज्यात दाबून ठेवलं आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली. आधी शिकंजा बघितला, मग दाढी केली.

त्या रविवारी पाळकांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि उपासना संपल्यावर एक आजी माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "आमच्या घरच्याचं पण सगळं सुटलंय हो." तिथून ते सुरू झालं. आजपर्यंत ६३ बायबलं दुरुस्त केली. वहीत नोंद आहे. दोरा, कापड आणि पुठ्ठ्याचे पैसे घेतो, मजुरी घेत नाही. कुणी शेपूची जुडी आणून देतं, कुणी नाताळचा केक.

त्यातलं एक सांगतो. निवृत्त शिक्षिका, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी पिशवीतून एक बायबल काढलं, ते बायबल आहे हे कळायलाच वेळ लागला. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा त्यांचं घर नदीकाठच्या पेठेत होतं. पाणी ओसरल्यावर वडिलांना ते चिखलात सापडलं, गच्चीवर वाळवलं, आणि तेव्हापासून ते ट्रंकेत होतं. बाहेरच्या पानांवर पाण्याची तपकिरी रेघ होती. स्तोत्रांपासून यशयापर्यंतचा भाग एकमेकांना चिकटून लाकडासारखा झाला होता. पहिल्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत घरच्या माणसांचे जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू लिहिलेले. शाई पसरलेली, पण वाचता येत होती.

मी बाईंना सांगितलं, उघडेल असं वचन देत नाही. टिपकागद किंचित ओला करून दोन्ही बाजूंनी लावायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी हाडाच्या पट्टीचं टोक कोपऱ्यात घालून श्वास रोखून सरकवायचं. कधी दिवसाला पाच पानं सुटायची, कधी एकही नाही. प्रत्येक पान सुटताना बारीक कोरडी माती खाली पडायची. ती मी एका बशीत साठवली, टाकवेना. १९ दिवस लागले. कडेला पेन्सिलीच्या खुणा निघाल्या, त्यांच्या आईच्या. आणि ११९व्या स्तोत्रात, ज्याची १७६ वचनं आहेत, एक घडी घातलेली चिठ्ठी निघाली. शाई बहुतेक गेली होती. एवढंच उरलं होतं : 'दूध २ शेर'.

बाई न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना खुणा केलेली वचनं दाखवायला लागलो. त्यांनी ती चिठ्ठीच हातात धरून ठेवली. "आईचं अक्षर," म्हणाल्या. नंतर खुर्चीत बसून त्यांनी ते स्तोत्र मोठ्याने वाचायला घेतलं, डाग पडलेल्या ठिकाणी अडखळत, आणि जिथे अक्षरच नव्हतं तिथे पाठ होतं म्हणून पुढे जात. ते सगळं वाचायला किती वेळ लागतो हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कल्पना करावी. मी चहा ठेवला.

आता भाषेबद्दल, कारण विकत घेणाऱ्याला तेही ठरवावं लागतं. माझी प्रत मंडळीत वाचतात त्या रूढ भाषांतराची आहे. सोप्या भाषेतली भाषांतरंही मिळतात. ज्यांनी कधी वाचलेलं नाही, त्यांनी सोपं घ्यावं. मी मात्र रूढच सुचवीन, एवढ्यासाठी की मोठ्याने वाचताना त्याला चाल आहे, आणि आपल्या आईवडिलांनी पाठ केलेलं वचन तिथे त्याच शब्दांत सापडतं.

या भाषांतरांच्या मागे किती हातांचे कष्ट आहेत हे मला उशिरा कळलं. विल्यम केरी मिशनरी होण्याआधी इंग्लंडात चांभारकाम करायचा, चामडं शिवायचा. बंगालमधल्या श्रीरामपूरला, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, त्याच्या छापखान्यातून १८०५मध्ये मत्तयचं शुभवर्तमान मराठीत निघालं, त्याला वैजनाथ शर्मा नावाच्या पंडितांची मदत होती. १८११मध्ये नवा करार. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये छापखान्याला आग लागली, छपाईचे खिळे वितळले, हस्तलिखितं जळाली, आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

आणि आपल्या जवळच्या पंडिता रमाबाई. पुणे-दौंड रेल्वेवरचं केडगाव. दुष्काळात वाचवून आणलेल्या मुलींना त्यांनी तिथे शिकवलं, हाताला काम दिलं, छापखाना चालवायला दिला. प्रचलित बायबलची मराठी खेड्यातल्या बाईला समजणारी नाही, हे बघून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची जवळजवळ अठरा वर्षं एकटीने भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये निघालं, आणि त्याचे खिळे जुळवण्यापासूनची मेहनत 'मुक्ती' या त्यांच्या संस्थेतल्या स्त्रियांची होती. त्या भाषांतराची एक जुनी प्रत माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. शिवण बघून मी थक्क झालो. टाके सारख्या अंतराचे, एकही सैल नाही. कुणा दुष्काळातल्या मुलीच्या हातचे ते टाके असतील. नाव कुठे लिहिलेलं नाही, पण पुस्तक शंभर वर्षांनी उघडतंय.

तेव्हापासून माझ्या डोक्यात आणखी एक प्रत घोळते. कवी ना. वा. टिळक राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले, आणि फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आम्ही चर्चमध्ये गातो ती कितीतरी भजनं त्यांची. ती प्रत कुणी बांधली असेल? त्या माणसाने संध्याकाळी हात धुतले असतील, घरी गेला असेल. आपण काय बांधलं ते त्याला कधीच कळलं नसेल. मी ४१ वर्षांत किती पुस्तकं बांधली याचा हिशेब नाही. त्यांचं पुढे काय झालं हे मलाही माहीत नाही, आणि आता ते माहीत असायलाच हवं असं वाटत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. दुकानात पुस्तक मधोमध उघडा आणि दोन फर्म्यांच्या मध्ये दोरा दिसतो का बघा. दोरा दिसला नाही तर घेऊ नका, कितीही सुंदर असलं तरी. पहिलं आणि शेवटचं पान हलक्या हाताने ओढून बघा, माझी प्रत तिथेच कमी पडली. चेनचं कव्हर असलेली प्रत प्रवासाला चांगली, पण चेन लावताना पानांचे कोपरे अडकतात, घरात लागत नाही. सोनेरी कडांचा मोह नको, बोटांच्या घामाने वर्षभरात सोनं जातं. देणगी म्हणून देत असाल तर आधी त्या माणसाचे डोळे विचारा, मग टाईप निवडा. आणि रिबन एकच असते, ती दोन हव्यात. एक जुन्या करारात, एक नव्यात. मी स्वतः दुसरी लावून घेतली.

एकंदर बघता, अक्षरासाठी ही प्रत घ्याच. बांधणीची खात्री नसेल तर घेतल्या घेतल्याच चांगल्या बाइंडरकडून पाठीला जाळीचं कापड पूर्ण लावून घ्या. जिल्ह्याच्या गावी अजून असे लोक आहेत, चौकशी केली तर सापडतात. माझं पुस्तक आता पाचव्या वेळेला यिर्मयापर्यंत आलंय, आणि पाठ सरळ आहे.

सध्या शिकंज्यात चौसष्टावं आहे. एका रिक्षावाल्या मुलाच्या आजोबांचं. येत्या शनिवारी त्याचं लग्न आहे आणि वेदीपुढे त्याला तेच हातात हवंय. पावसाळी हवा आहे, खळ सुकायला दोन दिवस जास्त घेते. आज सकाळपासून मी टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवलाय.